शिक्षकभरतीतील राखीव जागा आणि बिंदुनामावलीचा हिशोब

शिक्षकांच्या जागांची जाहिरात प्रसिद्ध झाली की तीत विषय, वेतनश्रेणी आणि शैक्षणिक अर्हता यांच्याखाली एक कोष्टक दिलेले असते. अनुसूचित जातींकरिता इतक्या जागा, अनुसूचित जमातींकरिता इतक्या, इतर मागासवर्गांकरिता इतक्या, खुल्या इतक्या. उमेदवार आपल्या प्रवर्गापुढील आकडा पाहतो आणि अर्ज करावयाचा किंवा नाही ते ठरवितो. तो आकडा कोठून आला, याची चौकशी त्या वेळी सहसा कोणी करीत नाही. निवडयादी लागल्यावर मात्र ती सुरू होते व प्रकरण न्यायालयात जाते. तेथे ते काही वर्षे राहते. तोवर निवड झालेला उमेदवार नेमणुकीची वाट पाहत वयोमर्यादेकडे सरकत असतो, निवड न झालेला वकिलाची फी भरीत असतो आणि ज्या वर्गाकरिता हे सारे चालले आहे तेथे गणिताचा तास तात्पुरत्या शिक्षकावर भागविला जातो अथवा होतच नाही.

राखीव जागा असाव्यात की नसाव्यात, याविषयी आपल्याकडे पुष्कळ बोलले व लिहिले जाते. परंतु शिक्षकभरतीविषयीच्या खटल्यांचे कागद वाचू लागले असता असे आढळते की, त्यांतील बहुतेकांचा या प्रश्नाशी थेट संबंध नसतो. ते हिशोबाचे खटले असतात. कोणत्या जागा एकत्र मोजावयाच्या, कोणता उमेदवार कोणत्या रकान्यात धरावयाचा आणि मोजणी कोठे थांबवावयाची, एवढेच त्यांत विचारलेले असते. प्रश्न लहान वाटतात; पण एका रकान्यातील बदलाने हजारो जागा इकडून तिकडे जातात. तेव्हा हा हिशोब गावोगावच्या वाचकांस, शाळाचालकांस आणि प्रत्यक्ष नोंदवही ठेवणाऱ्या कर्मचाऱ्यांस ठाऊक असणे इष्ट होय.

टक्केवारीपासून बिंदूपर्यंत

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १६ च्या खंड (४) अन्वये, ज्या मागास वर्गास शासकीय सेवांत पुरेसे प्रतिनिधित्व मिळालेले नाही असे राज्याचे मत असेल, त्या वर्गाकरिता राज्यास जागा राखून ठेवता येतात. केंद्र शासनाच्या अखिल भारतीय सरळसेवा भरतीत अनुसूचित जातींचे प्रमाण १५ टक्के, अनुसूचित जमातींचे साडेसात टक्के आणि इतर मागासवर्गांचे २७ टक्के आहे. आर्थिक दुर्बल घटकांकरिता १० टक्के जागा २०१९ च्या १०३ व्या घटनादुरुस्तीने आल्या व सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती नोव्हेंबर २०२२ मध्ये ग्राह्य ठरविली. राज्यांची प्रमाणे निरनिराळी असतात. गोव्यात अनुसूचित जमातींकरिता १२ टक्के तर अनुसूचित जातींकरिता २ टक्के जागा आहेत, कारण तेथील लोकसंख्येचे स्वरूपच तसे आहे. गावडा, कुणबी व वेळीप या समाजांचा जमातींच्या सूचीत समावेश झाला तो २००३ साली. महाराष्ट्रात विमुक्त जाती व भटक्या जमातींचे वेगळे उपविभाग आहेत. म्हणून एका राज्याची जाहिरात हाती घेऊन दुसऱ्या राज्यातील जाहिरातीस चुकीची ठरविणे योग्य नव्हे.

टक्केवारी शंभरावर सांगितली जाते, पण जागा शंभर क्वचितच असतात. चार जागांचे साडेसात टक्के म्हणजे काय? या अडचणीवर काढलेला उपाय म्हणजे बिंदुनामावली. पदांस क्रमाने क्रमांक द्यावयाचे आणि कोणता क्रमांक कोणत्या प्रवर्गाचा ते आधीच ठरवून ठेवावयाचे. शंभरास २७ ने भागले असता पावणेचारच्या आसपास उत्तर येते, म्हणून चौथा बिंदू इतर मागासवर्गाचा. शंभरास १५ ने भागले तर सहा पूर्णांक दोन तृतीयांश, म्हणून सातवा बिंदू अनुसूचित जातीचा. साडेसातने भागले तर तेरा पूर्णांक एक तृतीयांश, म्हणून चौदावा बिंदू अनुसूचित जमातीचा. केंद्राच्या दोनशे बिंदूंच्या नामावलीत आर्थिक दुर्बल घटकांची भर पडण्यापूर्वी अनुक्रमे ५४, ३० व १५ बिंदू राखीव होते, एकूण ९९.

पूर्वी ही नामावली रिकाम्या होणाऱ्या जागांवर फिरती ठेवली जात असे. जागा रिकामी झाली की पुढचा बिंदू लावावयाचा. त्यामुळे कालांतराने एखाद्या संवर्गात राखीव प्रमाण ठरल्यापेक्षा वाढे तर एखाद्यात ते कधीच पुरे होत नसे. पंजाब राज्यातील आर. के. सभरवाल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ मध्ये यास आळा घातला. बिंदू पदास चिकटलेला असतो, जागा रिकामी झाली म्हणून तो सरकत नाही, असे न्यायालयाने सांगितले. सर्व पदे एकदा भरली की नामावलीचे काम थांबते. त्यानंतर ज्या बिंदूवरील कर्मचारी निवृत्त होईल त्याच प्रवर्गातून त्याची जागा भरावयाची. केंद्र शासनाने २ जुलै १९९७ च्या आदेशाने ही पद्धत स्वीकारली. आज ‘बिंदुनामावली’ म्हणून जी नोंदवही कार्यालयात ठेवली जाते ती याच तत्त्वावर.

एकक कोणते?

कारकुनांच्या शंभर पदांची नामावली करणे सोपे आहे. एका टेबलावरील कारकून दुसऱ्या टेबलावर बसविता येतो. शिक्षकाचे तसे नाही. संस्कृतचा शिक्षक रसायनशास्त्राच्या तासाला पाठविता येत नाही आणि मराठी माध्यमाचा शिक्षक कन्नड माध्यमाच्या वर्गावर उभा करून काम भागत नाही. वेतनश्रेणी एक, पदनाम एक, पण जागा परस्परांत बदलता येत नाहीत. मग त्या एकत्र मोजावयाच्या की विषयवार वेगळ्या? शिक्षकभरतीतील सर्वांत मोठा वाद या प्रश्नातून निर्माण झाला आहे.

प्रश्न जुनाच आहे. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी मागास वर्गांकरिता निम्म्या जागा राखून ठेवणारा जो आदेश काढला, त्यातही हिशोबाचे एकक सांगितलेले होते. ज्या ज्या कचेरीत मागास वर्गातील अधिकाऱ्यांचे प्रमाण शेकडा पन्नासाहून कमी असेल तेथील पुढची नेमणूक त्या वर्गातून करावी आणि खातेप्रमुखांनी दर तिमाहीस नेमणुकांचा तक्ता सादर करावा, अशी त्यातील तरतूद होती. तेथे एकक म्हणजे कचेरी. त्या काळच्या आदेशात तिमाही तक्त्याची आठवण ठेवणारा लेखक कोणी का असेना, त्यास कचेऱ्यांचा स्वभाव चांगला ठाऊक असावा.

अलीकडचा वाद विद्यापीठांचा. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००६ साली दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार संपूर्ण विद्यापीठ हे एक एकक धरले जाई. सहायक प्राध्यापकांची सर्व विषयांतील पदे एकत्र करावयाची व त्यांवर दोनशे बिंदूंची नामावली लावावयाची. यास आव्हान देण्यात आले आणि अलाहाबाद उच्च न्यायालयाने एप्रिल २०१७ मध्ये विवेकानंद तिवारी प्रकरणात निर्णय दिला की, प्रत्येक विभाग हा वेगळा एकक धरावयास हवा. इतिहासाचा प्राध्यापक व भौतिकीचा प्राध्यापक यांच्यात स्पर्धा नसते. सर्व पदे एकत्र केली तर एखाद्या विभागातील सर्व जागा राखीव होतील आणि दुसऱ्यातील सर्व खुल्या राहतील, अशी ही भूमिका होती. आयोगाने ५ मार्च २०१८ रोजी त्याप्रमाणे नवा आदेश काढला.

कागदावर तर्क सरळ दिसतो. पण आता हिशोब करून पाहू. एका विद्यापीठात ४० विभाग आहेत आणि प्रत्येकात सहायक प्राध्यापकाची दोन पदे आहेत असे धरा. एकूण ८० पदे. विद्यापीठ एकक धरल्यास अनुसूचित जातींना १२, जमातींना ६ आणि इतर मागासवर्गांना २१ जागा येतात, मिळून ३९. विभाग एकक धरल्यास प्रत्येक विभागात पहिला व दुसरा बिंदू एवढेच असतात, आणि ते दोन्ही खुले. चाळीस विभागांत मिळून राखीव जागा शून्य.

लहान संवर्गांकरिता फिरत्या नामावलीची सोय आहे हे खरे. दोन पदांच्या विभागातही जसजसे शिक्षक निवृत्त होतील तसतसे पुढचे बिंदू येत जातात. परंतु शिक्षकाची सेवा तीस वर्षांची धरली तर दोन पदांच्या विभागात सरासरीने पंधरा वर्षांनी एक जागा रिकामी होते. इतर मागासवर्गाचा चौथा बिंदू तीस वर्षांनी येईल. अनुसूचित जातीचा सातवा बिंदू येण्यास पंचाहत्तर वर्षे लागतील. चौदावा, म्हणजे अनुसूचित जमातीचा, एकशे ऐंशी वर्षांनी. असा हिशोब ज्यांच्या वाट्यास आला, ते रस्त्यावर उतरले यात नवल नाही.

शासनाने व आयोगाने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. ती २२ जानेवारी २०१९ रोजी फेटाळली गेली आणि फेरविचाराचा अर्जही त्याच फेब्रुवारीत फेटाळला गेला. मध्यंतरी केंद्रीय विद्यापीठांतील भरती थांबलेली होती. ५ मार्च रोजी भारत बंद पुकारण्यात आला. ७ मार्च २०१९ रोजी अध्यादेश निघाला आणि त्याचे रूपांतर त्याच वर्षी जुलैत केंद्रीय शैक्षणिक संस्था (शिक्षक संवर्गातील आरक्षण) अधिनियमात झाले. आरक्षणाच्या प्रयोजनाकरिता संपूर्ण संस्था हे एक एकक समजले जाईल, हे या अधिनियमाचे मुख्य कलम. अल्पसंख्याक संस्था व अनुसूचीत नमूद केलेल्या काही विशेष संशोधन संस्था त्यातून वगळल्या आहेत. हा कायदा केंद्रीय संस्थांपुरता आहे. राज्यांनी आपापली तजवीज करावयाची. महाराष्ट्राने २०२१ मध्ये त्या धर्तीवर स्वतःचा अधिनियम केला.

म्हणजे विभागवार मोजणीच्या बाजूने काहीच बोलण्यासारखे नव्हते काय? होते. एखाद्या विषयात राखीव प्रवर्गातून पात्र उमेदवार मिळत नाही आणि ती जागा वर्षानुवर्षे अनुशेषात पडून राहते, हा अनुभव पुष्कळ संस्थांचा आहे. संस्था एकक धरली तरी आठवा बिंदू मराठी विषयास लावावयाचा की भूगोलास, हे रिकाम्या पदांचा क्रम ज्या रीतीने लावला असेल त्यावर ठरते; आणि तो क्रम लावणाराचा हात स्वच्छ असेलच असे नाही. आपल्या माणसाचा विषय खुल्या बिंदूवर बसावा म्हणून पदांची अदलाबदल केल्याच्या तक्रारी होत असतात. मात्र यावरील उपाय क्रमाचे नियम अगोदर लेखी ठरविणे व ते प्रसिद्ध करणे हा आहे. एकशे ऐंशी वर्षांचा बिंदू हा त्यावरील उपाय होऊ शकत नाही, असे आम्हांस वाटते.

पद एकच असेल तर? सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने चंडीगड येथील पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेच्या प्रकरणात १९९८ साली सांगितले की, संवर्गात एकच पद असेल तर ते राखीव ठेवता येत नाही, आळीपाळीनेही नाही. कारण एक पद राखीव म्हणजे शंभर टक्के आरक्षण. कर्नाटकातील इतिहासाच्या अधिव्याख्यात्याच्या एका पदाचा वाद २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आला तेव्हा, त्या विषयाचे पद इतर विषयांशी बदलता येत नसल्यामुळे ते एकाकी पद ठरते, असा निर्णय झाला. एकशिक्षकी विभाग असलेल्या लहान महाविद्यालयांस हा निर्णय थेट लागू पडतो. गोव्यासारख्या ठिकाणी अनुसूचित जातीचे प्रमाण दोन टक्के, म्हणजे पन्नासात एक. असा हिशोब वीस-पंचवीस शिक्षकांच्या एकेका शाळेपुरता केला तर ती जागा कधी येणारच नाही. जिल्हा किंवा राज्य एकक धरल्याखेरीज त्या दोन टक्क्यांस काही अर्थ राहत नाही.

जाहिरातीच्या मसुद्यातच चूक झाली तर काय होते, याचे उदाहरण नागपूर विद्यापीठाचे आहे. विद्यापीठाने १९८४ साली प्राध्यापक, प्रपाठक व अधिव्याख्याता यांच्या अनेक जागांची जाहिरात दिली. त्यांपैकी किती जागा राखीव आहेत ते पदनामवार सांगितले होते, पण कोणत्या विषयातील जागा राखीव हे सांगितलेले नव्हते. राखीव प्रवर्गातील रसायनशास्त्राच्या उमेदवाराने आपल्या विषयात राखीव जागा आहे की नाही, हे कसे ओळखावे? आणि खुल्या प्रवर्गातील उमेदवाराने तरी कशाच्या भरवशावर अर्ज करावा? सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये सुरेशचंद्र वर्मा प्रकरणात त्या नेमणुका बेकायदा ठरविल्या. तोवर संबंधित शिक्षकांची काही वर्षांची सेवा होऊन गेली होती.

उटनूरच्या शाळा आणि शंभर टक्के

आता हैदराबादकडील एका प्रकरणाचा विचार करू. त्याचा एक धागा मराठीपर्यंत येतो. निजामी राजवटीत आदिलाबादच्या जंगलात १९४० साली कुमरम भीम यांच्या नेतृत्वाखाली गोंडांचा उठाव झाला. त्यानंतर मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांच्या पुढाकाराने मार्लवाई येथे गोंड शिक्षकांचे प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. गोंडी भाषेतील पहिली वाचने त्या वेळी देवनागरी लिपीत तयार करण्यात आली, कारण तिकडच्या गोंडांचा मराठीशी जुना संबंध होता. मुलाची बोली बोलणारा, त्याच्याच प्रदेशातील शिक्षक हवा, हा विचार तेव्हापासूनचा आहे.

पुढे आंध्र प्रदेश राज्यात अनुसूचित क्षेत्रांतील शाळांची रड वेगळीच होती. मैदानी प्रदेशातून नेमलेले शिक्षक तेथे राहत नसत. बदली होईपर्यंत रजेवर असत. शाळा कागदावर चालत. म्हणून शासनाने १९८६ साली आणि त्यावर न्यायालयीन अडथळे आल्यानंतर पुन्हा १० जानेवारी २००० रोजी आदेश काढून या क्षेत्रांतील शाळांतील शिक्षकांची सर्वच्या सर्व पदे स्थानिक अनुसूचित जमातींच्या उमेदवारांकरिता राखून ठेवली. त्यांत एक तृतीयांश महिलांना. स्थानिक कोण? तर २६ जानेवारी १९५० पासून ज्याचे कुटुंब सलग त्या क्षेत्रात राहत आहे तो. संविधानाच्या पाचव्या अनुसूचीने राज्यपालांस दिलेल्या अधिकारांखाली हा आदेश काढलेला होता. उच्च न्यायालयाने तो बहुमताने उचलून धरला. या आदेशामुळे डोंगरी वाड्यांतील पुष्कळ तरुण-तरुणी शिक्षक झाले.

सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने २२ एप्रिल २०२० रोजी तो आदेश रद्द केला. पन्नास टक्क्यांची मर्यादा १९९२ च्या इंद्रा साहनी निर्णयाने सर्वसाधारण नियम म्हणून घातलेली आहे. तीस अपवाद असू शकतो, पण शंभर टक्के हा अपवाद होऊ शकत नाही, असे न्यायालयाने म्हटले. त्याच क्षेत्रात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या अनुसूचित जातींच्या व इतर मागासवर्गांच्या उमेदवारांस पूर्णपणे बाहेर ठेवले गेले, आणि १९५० ची अट पुरी न करणारे आदिवासीही वगळले गेले, हा दोष न्यायालयाने दाखविला. आदिवासींना आदिवासीनेच शिकवावे ही कल्पनाही न्यायालयास पटली नाही. मात्र झालेल्या नेमणुका काढून घेतल्या नाहीत. राज्यांनी पुन्हा असा प्रकार केल्यास १९८६ पासूनच्या नेमणुकांचे संरक्षण जाईल, अशी अट घातली. झारखंडमधील तेरा अनुसूचित जिल्ह्यांत शिक्षकांची पदे स्थानिक रहिवाशांसाठीच ठेवणारी २०१६ ची अधिसूचनाही ऑगस्ट २०२२ मध्ये त्याच कारणास्तव टिकली नाही. महाराष्ट्रात अनुसूचित क्षेत्रांतील काही पदांसंबंधीची २०१४ ची अधिसूचनाही न्यायालयापर्यंत गेली आहे.

निर्णयाचा कायदा स्पष्ट आहे व तो पाळावयास हवा. पण ज्या कारणासाठी आदेश काढला होता ते कारण निर्णयाने नाहीसे झाले नाही. पावसाळ्यात नाला ओलांडून शाळेत येणारा, आणि पहिलीतील मूल गोंडीत किंवा कोलामीत काय म्हणते ते समजणारा शिक्षक आजही हवा आहे. जातीचा रकाना शंभर टक्के भरून ते साधता येत नसेल, तर भाषेचे ज्ञान ही अर्हता म्हणून लिहिणे, मुख्यालयी निवासाची सोय करणे, दुर्गम सेवेचा भत्ता देणे, ठराविक मुदतीच्या आत बदली न देणे, हे मार्ग उरतात. त्यांना पैसा व लक्ष दोन्ही लागतात. आरक्षणाच्या आदेशास कागद पुरतो. कदाचित म्हणूनच तो मार्ग आधी सुचला असावा.

मर्यादा, गुणवत्ता आणि दाखले

इंदूर-ग्वाल्हेरकडील वाचकांस तेरा टक्क्यांचा प्रश्न परिचित असेल. मध्य प्रदेशच्या १९९४ च्या अधिनियमाने अनुसूचित जमातींस २०, अनुसूचित जातींस १६ व इतर मागासवर्गांस १४ टक्के जागा दिल्या होत्या. बेरीज बरोबर पन्नास. २०१९ मध्ये इतर मागासवर्गांचे प्रमाण २७ टक्के करण्यात आले आणि बेरीज ६३ झाली. उच्च न्यायालयाने त्या मार्चमध्येच वैद्यकीय प्रवेशांपुरती स्थगिती दिली; पुढे अनेक याचिका दाखल झाल्या. २०२२ मध्ये शासनाने असा मार्ग काढला की, ८७ टक्के जागांचे निकाल लावावेत आणि वादातील १३ टक्के रोखून धरावेत. त्यामुळे भरती सुरू झाली. पण रोखलेल्या यादीतील उमेदवार, राखीव व खुल्या दोन्ही प्रवर्गांतील, निवड झाली की नाही हे न कळता राहिले. शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण होऊन बसलेल्या तरुणास ‘थांबा’ हे उत्तर ‘नाही’पेक्षा जड जाते.

दुसरा नेहमीचा वाद खुल्या जागांचा. खुली जागा म्हणजे अमुक जातींची जागा नव्हे. ती सर्वांस खुली असते. राखीव प्रवर्गातील जो उमेदवार केवळ गुणांच्या बळावर खुल्या यादीत बसतो तो खुल्या जागेवरच मोजला पाहिजे. त्याच्यामुळे राखीव जागा कमी होत नाही. हा नियम सभरवाल प्रकरणातही सांगितलेला आहे. मात्र वयाची अथवा गुणांची सवलत घेतलेल्या उमेदवारास खुल्या जागेवर येता येते किंवा नाही, हे त्या त्या भरतीच्या नियमांवर अवलंबून राहते. उत्तर प्रदेशातील ६९,००० सहायक शिक्षकांची भरती याच हिशोबावर अडली. अशा उमेदवारांची मोजणी नीट झाली नाही म्हणून अलाहाबाद उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये यादी नव्याने करण्यास सांगितले, आणि पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यास स्थगिती दिली. त्या वेळी कित्येक शिक्षकांची चौथ्या वर्षाची नोकरी चालू होती.

महिलांचे, माजी सैनिकांचे व दिव्यांगांचे आरक्षण समांतर असते, म्हणजे प्रत्येक प्रवर्गाच्या आतून जाणारे. राखीव प्रवर्गातील महिला गुणांवर खुल्या महिलांच्या जागेस पात्र ठरत असेल तर तिला ती नाकारता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये पोलीस भरतीच्या एका प्रकरणात निःसंदिग्धपणे सांगितले. शिक्षकभरतीसही तेच लागू.

दाखल्यांबाबत महिला उमेदवारांचे नुकसान विशेष होते. इतर मागासवर्गांत ‘उन्नत गटात मोडत नसल्याचा’ दाखला लागतो आणि तो आईवडिलांच्या स्थितीवरून ठरतो. विवाहित स्त्रीकडे मात्र पुष्कळदा नवऱ्याच्या उत्पन्नाचा दाखला मागितला जातो. कर्नाटकात पदवीधर प्राथमिक शिक्षकांच्या पंधरा हजार जागांच्या भरतीत नोव्हेंबर २०२२ ची तात्पुरती यादी याच मुद्द्यावर वादात सापडली. वडिलांच्या उत्पन्नाचा दाखला जोडलेल्या विवाहित महिलांस सर्वसाधारण गटात टाकण्यात आले होते. जानेवारी २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या एकल पीठाने त्यांच्या बाजूने निर्णय दिला आणि त्यानंतर प्रकरण खंडपीठापुढे गेले. बेळगाव भागातील मुलीचे माहेर एका राज्यात व सासर दुसऱ्या राज्यात असणे नवीन नाही. तिने लक्षात ठेवावे की, जात जन्माने ठरते, विवाहाने बदलत नाही. आणि एका राज्याच्या सूचीतील जात दुसऱ्या राज्यात स्थलांतर केल्याने तेथील आरक्षणास आपोआप पात्र होत नाही. विवाहानंतर राज्य बदलले असल्यास अर्जापूर्वी तहसील किंवा मामलेदार कचेरीत याची विचारपूस करून घेणे श्रेयस्कर.

नोंदवही कशी पाहावी

बिंदुनामावलीची नोंदवही गोपनीय नसते. केंद्रीय कार्यालयांत आरक्षणाकरिता संपर्क अधिकारी नेमलेला असतो व त्याने नोंदवहीची दरवर्षी तपासणी करावयाची असते. महाराष्ट्रात ती विभागीय आयुक्तांच्या कार्यालयातील मागासवर्ग कक्षाकडून तपासून घेतल्यावाचून जाहिरात देता येत नाही. खाजगी अनुदानित शाळाचालकांची टाळाटाळ येथेच अधिक दिसते. नामावली तपासून घेतली तर मनातील उमेदवार कोणत्या बिंदूवर बसणार ते उघड होते. ज्यास शंका असेल त्याने माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ अन्वये नोंदवहीची प्रत मागावी. अर्ज साधा असावा आणि निवडयादी लागण्याची वाट न पाहता जाहिरात निघताच करावा.

प्रत हाती आल्यावर प्रथम पहिल्या पानावरील संवर्गाचे नाव व मंजूर पदांची संख्या पाहावी. ती संचमान्यतेतील संख्येशी जुळते का ते ताडून घ्यावे. मग प्रत्येक बिंदूपुढे नाव, प्रवर्ग आणि नेमणुकीचा दिनांक आहे का ते पाहावे. गुणांवर खुल्या जागी निवडलेला शिक्षक राखीव बिंदूवर दाखविला आहे काय, हे त्या शिक्षकाच्या नेमणूक आदेशावरून कळते. मागील भरतीत न भरलेली राखीव जागा अनुशेष म्हणून पुढे आणली आहे की गळली आहे, तेही पाहावे. २००० सालच्या ८१ व्या घटनादुरुस्तीनुसार असा अनुशेष त्या वर्षाच्या पन्नास टक्क्यांत धरला जात नाही. शेवटच्या पानावर तपासणी अधिकाऱ्याचा शेरा, स्वाक्षरी व दिनांक असतो. तो दिनांक जाहिरातीच्या आधीचा असावयास हवा.